८३९ : बंद खोलीतल्या एका वाक्याचा हिशेब

८३९. शून्य ते सहा वर्षे वयाच्या दर हजार मुलग्यांमागे कोल्हापूर जिल्ह्यात इतक्या मुली आहेत, असे २००१च्या जनगणनेने लिहून ठेवले. त्याआधीच्या, १९९१च्या जनगणनेत हा आकडा ९३१ होता. दहा वर्षांत ९२ची घट. याच दहा वर्षांत महाराष्ट्राचा आकडा ९४६वरून ९१३वर आला, म्हणजे ३३ने उतरला. कोल्हापूरची घसरण राज्याच्या पावणेतीन पट होती.

निसर्गाचे माप आधी सांगायला हवे. जगात कुठेही, कोणी ढवळाढवळ केली नाही तर, शंभर मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्माला येतात. आपल्या जनगणनेच्या भाषेत हजार मुलग्यांमागे ९५२ मुली. पहिल्या सहा वर्षांतले बालमृत्यू धरले तरी हे प्रमाण ९५०च्या आसपास राहावे. त्या हिशेबाने २००१मध्ये कोल्हापुरात दर हजारामागे १११ मुली कमी होत्या.

हा आकडा आपण नेहमी समाजाच्या खात्यात टाकतो. मुलग्याची हौस, हुंडा, वंशाचा दिवा. ते खरे आहेच. पण मुलग्याची हौस १९५१मध्येही होती, १९७१मध्येही होती. नुसत्या हौसेने पोटातले मूल मुलगा की मुलगी हे कळत नाही. त्यासाठी लाखो रुपयांचे यंत्र लागते, ते चालवण्याचा परवाना लागतो, पडद्यावरची राखाडी सावली वाचणारा शिकलेला डोळा लागतो आणि पुढच्या कामासाठी शिकलेला हात लागतो. त्यामुळे या १११मधली बहुतेक प्रत्येक मुलगी कुणा ना कुणा व्यावसायिकाच्या टेबलावरून गेलेली आहे. व्यवसायातली नीती मोजता येत नाही, असे म्हणतात. मला वाटते, निदान एका व्यवसायाच्या बाबतीत ती जनगणनेने मोजून ठेवली आहे, आणि म्हणून मी हा आकडा एका पेशाचे प्रगतिपुस्तक म्हणून वाचतो.

आता हा आकडा घेऊन गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीत येऊ.

नेसरीचे नाव घेतले की महाराष्ट्रात कुठेही एक आकडा आधी आठवतो. सात. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर सहा स्वारांना घेऊन आदिलशाही सरदार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. त्याआधी उमराणीला हाती सापडलेल्या खानाला त्यांनी सोडून दिले होते. शिवाजी महाराजांना ते रुचले नव्हते, कारण सेनापतीची दया ही त्याची एकट्याची खासगी बाब नसते. तिची किंमत रयतेला मोजावी लागते. जबाबदारीच्या जागेवरचा माणूस चुकतो तेव्हा काय होते, याची ती गोष्ट आहे. साडेतीनशे वर्षे झाली, खिंडीतल्या स्मारकापाशी ते सात अजून मोजले जातात.

ज्या गावात वर्षाला साठ-पासष्ट मुलगे जन्मतात अशा एका गावाला ८३९चे प्रमाण लावून पाहा. हजारामागे १११, तर ६३ मुलग्यांमागे सात. दर वर्षी सात मुली. हा नेसरीचा स्वतःचा आकडा नव्हे. जिल्ह्याच्या सरासरीने एवढ्या आकाराच्या गावाच्या वाट्याला जे येईल ते हे. पण गणित केल्यावर सात हे उत्तर आले तेव्हा मी कागदाकडे बराच वेळ बघत बसलो.

या सात मुली गावाला दिसत का नाहीत? इथे थोडे संख्याशास्त्र समजून घ्यावे लागते. ६३ मुलगे जन्मले तर निसर्गाने ६० मुली यायला हव्यात. ५३ आल्या. पण नाणे उडवल्यावर दर वेळी निम्मे छाप आणि निम्मे काटे पडत नाहीत, तसे जन्मांचेही असते. सव्वाशे जन्म होणाऱ्या गावात, काहीही गैर न घडता, एखाद्या वर्षी दहा मुली कमी आणि एखाद्या वर्षी दहा जास्त होऊ शकतात. सातची घट या चढउतारात सहज लपते. अंगणवाडीताईंना ती जाणवणार नाही, सरपंचांना जाणवणार नाही, शाळेच्या पटावर ती ‘यंदा मुली जरा कमीच’ एवढ्यावर भागेल.

याच कारणाने एका वर्षाच्या आकड्यावरून एखाद्या गावाला बक्षीस देणे किंवा बदनाम करणे मला चुकीचे वाटते. वर्षाला शंभर जन्म होणाऱ्या गावात हजारी प्रमाण नुसत्या योगायोगाने ६४०पासून १,४००च्या पुढेपर्यंत कुठेही जाऊ शकते. ज्या गावाचा सत्कार झाला त्याचे काही पुण्य नसते आणि ज्याला नोटीस गेली त्याचे काही पाप नसते. आकडे वाचणे हाही एक पेशा आहे आणि त्यातही नीती पाळावी लागते.

जिल्ह्याचे तसे नाही. पन्नास हजार जन्म एकत्र मोजले तर योगायोगाची पट्टी अगदी अरुंद होते : साधारण ९३५ ते ९७०. ८३९ हा आकडा त्या पट्टीच्या कितीतरी खाली आहे. तिथे योगायोग जाऊ शकत नाही. तिथे माणूसच घेऊन जातो.

आणखी एक गणित. जिल्ह्यात वर्षाला तीस हजार मुलगे जन्मतात असे धरू. हजारी १११ म्हणजे वर्षाला ३,३३० मुली, रोजच्या नऊ. पण नऊ मुली कमी होण्यासाठी बंद खोलीत नऊ वेळा बोलून भागत नाही. तपासायला येणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांच्या पोटात मुलगा असतो. त्यांनाही सांगितलेच जाते. ती मंडळी आनंदात घरी जातात, पुढे रीतसर बाळंतपण होते, पेढे वाटले जातात, आणि जनगणनेत त्या तपासणीची काहीच खूण उरत नाही. म्हणजे रोज नऊ मुली कमी होत असतील तर लिंग सांगणारे वाक्य रोज अठरा वेळा उच्चारले जाते. कायद्याच्या नजरेत अठराही गुन्हे सारखेच, कारण लिंग सांगणे हा गुन्हाच आहे. जनगणनेला त्यातला निम्माच दिसतो.

हे अठरा उच्चार किती केंद्रांत होत असतील? एका केंद्रात रोज दोन धरले तर नऊ केंद्रे पुरतात. नऊ! सगळा जिल्हा ८३९वर यायला सगळे डॉक्टर बिघडावे लागत नाहीत. मूठभर बिघडले आणि बाकीचे गप्प बसले की पुरते. नेसरीच्या सुनेला गडहिंग्लजच्या एका डॉक्टरने नकार दिला तर घरचे दुसरा शोधतात. दुसऱ्यानेही दिला तर कोल्हापूर आहे, आणि सीमेपलीकडे बेळगाव फार लांब नाही. प्रामाणिक डॉक्टर एक पेशंट गमावतो आणि त्याच्या प्रामाणिकपणाने आकडा मात्र हलत नाही, कारण गमावलेला पेशंट त्या नऊपैकी एकाकडे पोचतो. हे सांगताना मला प्रामाणिक डॉक्टरांचे वाईट वाटते. त्यांनी आपले काम चोख केले आहे. पण या प्रश्नात एकेकट्याची सचोटी अपुरी पडते, हे आकडा फार स्पष्ट सांगतो.

म्हणून या पेशात मौन दोन प्रकारचे आहे, आणि दोन्हींत गल्लत झाली की ८३९ होते.

पहिले मौन डॉक्टरने पेशंटच्या घरच्यांपुढे राखायचे. गर्भाच्या वाढीत दोष नाही ना, हे पाहणारी सोनोग्राफी साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यात करतात आणि ती करायलाच हवी. त्या वेळेपर्यंत मुलगा की मुलगी हे पडद्यावर कळण्याजोगे झालेले असते. डॉक्टरने डोळे मिटून तपासणी करावी, अशी अपेक्षा कोणी करत नाही. दिसलेले बोलायचे नाही, एवढेच. कायद्यानेही बारकाईने लिहिले आहे : शब्दांनी नाही, खुणेने नाही, इतर कोणत्याही प्रकारे नाही. हे ‘इतर कोणत्याही प्रकारे’ तिथे का आले, हे आपल्याला सांगायला नको. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी किंवा जिलेबी, हा आपल्याकडचा जुना रिवाज. मिठाईच्या याच नावांची पुढे सांकेतिक भाषा झाली. सासूबाई विचारतात ते असे : “डॉक्टरसाहेब, सगळं बेस हाय न्हवं? पेढं सांगू का मग?” यावर नुसते हसणे हेसुद्धा उत्तर असते. चेहरा कोरा ठेवणे हे इथे व्यावसायिक कौशल्य आहे, आणि ते कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिकात शिकवले जात नाही.

दुसरे मौन सहकाऱ्याबद्दलचे. ते राखायचे नसते. भारतीय वैद्यक परिषदेने २००२मध्ये केलेल्या व्यावसायिक आचारसंहितेत डॉक्टरवर एक कर्तव्य टाकले आहे : पेशातल्या दुसऱ्या कोणाचे वर्तन भ्रष्ट किंवा अनैतिक असेल तर भीडभाड न ठेवता ते उघडकीस आणावे. तालुक्याच्या गावात कोण काय करतो, हे सगळ्या डॉक्टरांना ठाऊक असते. मेडिकलवाल्यांना ठाऊक असते, रिक्षावाल्यांनाही असते. जिथे तोंड उघडायचे तिथे मौन, आणि जिथे मिटायचे तिथे बोलणे, असा उलटा व्यवहार वर्षानुवर्षे चालला.

कायद्याच्या आधी काय परिस्थिती होती, तेही एका आकड्यात सापडते. १९८६मध्ये डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चौकशी केली. त्यांतले ४२ जण गर्भजल काढून लिंगनिदान करत होते. शंभरात ८४. तेव्हा ते बेकायदा नव्हते. आज पाचशे रुपये खर्चा आणि पुढचा हुंड्याचा खर्च वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघड लागत. मुंबईतल्या स्त्रीसंघटना, आरोग्य कार्यकर्ते आणि काही डॉक्टर यांनी एकत्र येऊन मोहीम चालवली. तिच्यामुळे १९८८मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४चा, अंमल १ जानेवारी १९९६पासून, आणि २००३मध्ये त्यात गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीचीही भर पडली. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. दोष सिद्ध झाला की वैद्यक परिषदेच्या नोंदवहीतून पाच वर्षांसाठी नाव कमी, आणि पुन्हा केल्यास कायमचे. गर्भवतीवर मात्र कायदा आधी विश्वास ठेवतो. तिला पतीने किंवा सासरच्यांनी भाग पाडले असेच तो गृहीत धरतो.

१९८८ आणि १९९१ ही साले शेजारी ठेवून पाहा. राज्यात कायदा १९८८चा, आणि कोल्हापूरची ९३१वरून ८३९पर्यंतची घसरण त्यानंतरच्या दहा वर्षांतली. म्हणजे घसरगुंडी सुरू असताना कायदा पुस्तकात होता. ‘सेहत’, ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांना सन २०००मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, ते केलेला कायदा अमलात आणा, एवढे सांगण्यासाठी.

हे अडाणीपणातून घडले, अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले तो हा जिल्हा. २०११मध्ये साक्षरता ८१.५ टक्के, ऊस, दूध, सहकारी बँका, गावोगावी शाळा. शेजारच्या सांगलीचा २००१चा आकडा ८५१. त्याच वेळी गडचिरोलीत तो ९६६ होता. डॉ. प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये देशभराची आकडेवारी मांडली. पहिले अपत्य मुलगी असलेल्या घरांत दुसऱ्या खेपेचे प्रमाण १९९०मध्ये हजारी ९०६ होते, ते २००५मध्ये ८३६पर्यंत उतरले. पहिला मुलगा असेल तर अशी घट जवळजवळ नाही. आणि उतरण जास्त कुठे, तर शिकलेल्या आणि पैसेवाल्या घरांत. पहिल्या मुलीचे स्वागत होते, तिचे बारसे थाटात होते, आणि दुसऱ्या खेपेला गाडी काढून तपासायला जातात. गरीब घर तिथवर पोचतच नाही.

कोल्हापूरने यावर काय केले, हे राज्याने लक्षपूर्वक पाहिले होते. २००९च्या सुमारास लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी होते. मराठी वाचक त्यांना लेखक म्हणून ओळखतात. २०१८च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या काळात जिल्ह्यातल्या सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्वर’ नावाचे उपकरण बसवायला सुरुवात झाली. प्रत्येक तपासणीची पडद्यावरची चित्रे ते साठवते. सोबत एफ फॉर्म, म्हणजे प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीची कायद्याने ठरवलेली नोंद, ऑनलाइन भरायची सक्ती झाली. उपकरणात साठलेल्या तपासण्या आणि भरलेले फॉर्म यांचा मेळ बसला पाहिजे. यंत्रात चाळीस आणि कागदावर तीस असतील तर दहा कुठल्या, हे विचारता येते. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने या आदेशांना मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. पेशंटची खासगी माहिती उघडी पडते, असा त्यांचा एक मुद्दा होता. ऑगस्ट २०११मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली.

मग आकडा सुधारला का? २०११च्या जनगणनेत कोल्हापूर ८६३. दहा वर्षांत २४ची वाढ. राज्य त्याच काळात ९१३वरून ८९४वर, म्हणजे १९ने खाली. वरवर पाहता उपकरणाचा विजय. कोल्हापूरबद्दल मला आपुलकी आहे, तरीही हे श्रेय इतक्या सहज देता येत नाही.

२०११च्या मार्चमध्ये शून्य ते सहा वयात असलेली मुले २००४ ते २०११ या सात वर्षांत जन्मलेली. उपकरण आले ते या काळाच्या अगदी शेवटी. त्यातही सोनोग्राफी आणि जन्म यांत चार-पाच महिन्यांचे अंतर. म्हणजे सात वर्षांच्या मुलांपैकी फार तर शेवटच्या वर्षाच्या मुलांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. बाकी सहा वर्षांतली सुधारणा कशाची? सांगली (८५१वरून ८६७) आणि सातारा (८७८वरून ८९५) इथेही आकडा वर सरकला, आणि ही यंत्रणा कोल्हापूरची होती. मला अधिक पटते ते असे : २००१च्या आकड्यांनी या तीन जिल्ह्यांना हादरा दिला, २००३च्या दुरुस्तीने कायदा कडक झाला, आणि साताऱ्यातून वर्षा देशपांडे यांच्या ‘लेक लाडकी अभियान’ने गर्भवती कार्यकर्त्यांना सोबत घेऊन डॉक्टरांना रंगेहाथ पकडायला सुरुवात केली. २०२५चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार त्यांना मिळाला. बोलायचे तिथे न बोलणाऱ्या पेशाला बाहेरच्या बायकांनी बोलते केले.

या सुधारणेबाबत आणखी एक सावधगिरी. मार्च-एप्रिल २०११मध्ये जाहीर झालेल्या तात्पुरत्या आकड्यांत कोल्हापूर ८४५ होते. अंतिम तक्त्यात ते ८६३ झाले. राज्यही तात्पुरत्या ८८३वरून अंतिम ८९४वर गेले. आजही काही लेखांत, भाषणांत ८४५ भेटते, काहींत ८६३. एकाच जनगणनेचे दोन आकडे, आणि ज्याला जे सांगायचे त्याप्रमाणे तो एक उचलतो.

उपकरणाची खरी मर्यादा वेगळीच आहे. ते पडद्यावरची चित्रे साठवते. खोलीत काय बोलले गेले, कोण हसले, कोणी मान हलवली, हे पडद्यावर नसते. शेवटी सगळे येऊन थांबते एफ फॉर्मवर. त्यात गर्भवतीचे नाव, वय, पत्ता, आधीची अपत्ये आणि ती मुलगे की मुली, कोणी पाठवले, कशासाठी तपासणी, काय आढळले, आणि खाली दोन प्रतिज्ञा : मला लिंग जाणून घ्यायचे नाही, ही तिची, मी लिंग पाहून कोणालाही सांगितलेले नाही, ही डॉक्टरची. दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत मागच्या महिन्याचा अहवाल पोचवायचा.

डॉक्टरांची तक्रार अशी की फॉर्मात एक रकाना रिकामा राहिला, सही राहिली, तर तो कारकुनी चुकीचा मामला. त्यासाठी यंत्र सील करून फौजदारी कशाला? ही तक्रार पोकळ नाही. पन्नास पेशंटच्या गर्दीत रकाना राहू शकतो, आणि खरा गुन्हेगार फॉर्म नेहमी अगदी नीटनेटका भरतो. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला. ३ मे २०१९ रोजी न्यायालयाने तो नाकारला : हा फॉर्म हाच कायद्याच्या अंमलाचा आधार आहे, तो भरण्यातली उणीव किरकोळ मानता येणार नाही. मी न्यायालयाच्या बाजूने आहे. बंद खोलीतल्या वाक्याची नोंद कुठेच होत नसेल तर त्या खोलीतून बाहेर पडणारा एकमेव कागद पूर्ण असायलाच हवा. तलाठ्याने सातबारात रकाना रिकामा ठेवला, बँकेच्या कॅशियरने स्लिपवर सही केली नाही, तर आपण कारकुनी चूक म्हणून सोडून देत नाही.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. गर्भपात हा आपल्या देशात १९७१च्या कायद्याने ठरावीक अटींवर कायदेशीर आहे, आणि २०२१च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी त्याची मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली. गुन्हा आहे तो लिंग पाहून निवड करण्याचा. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ या शब्दाने दोन्हींची सरमिसळ केली. कायद्याने हक्क असलेल्या बाईला, उगाच लचांड नको म्हणून, दवाखान्यातून परत पाठवणारा डॉक्टर आपल्या पेशाशी प्रामाणिक राहिला असे मी म्हणणार नाही. नकार मिळालेली बाई थांबत नाही. ती परवाना नसलेल्या माणसाकडे जाते.

आणि लिंगनिवडीसाठी नेलेली बाई कुठे पोचते, हे महाराष्ट्राने दोनदा पाहिले. २०११च्या तक्त्यात बीड जिल्हा ८०७वर होता. दहा वर्षांपूर्वी ८९४, म्हणजे ८७ची घट. राज्यातली ती सर्वांत भयंकर उतरण होती आणि ती छापून आली होती. मे २०१२मध्ये याच जिल्ह्यातल्या परळीत गर्भपात करताना एका महिलेचा मृत्यू झाला, तेव्हा राज्याला परळी कळली. मार्च २०१७मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला, कर्नाटकच्या सीमेजवळ, एका महिलेच्या मृत्यूचा तपास करताना पोलिसांना पुरलेले १९ भ्रूण सापडले. दोन्हीकडे एका बाईचा जीव गेल्यावर यंत्रणा हलली. बीडचा तात्पुरता आकडा तर वर्षभर आधीपासून सगळ्यांसमोर होता.

हे बदलू शकते का, याचे उत्तर देणारा एक देश आहे. दक्षिण कोरियात १९९०मध्ये शंभर मुलींमागे ११६.५ मुलगे जन्मले. आपल्या पद्धतीने मांडले तर हजारामागे ८५८ मुली, कोल्हापूरच्या जवळपास. तिथे १९८७मध्ये लिंग सांगण्यावर बंदी आली, पुढे डॉक्टरांचे परवाने निलंबित झाले. २००७च्या सुमारास प्रमाण १०६ मुलग्यांवर, म्हणजे नैसर्गिक पातळीवर आले. फेब्रुवारी २०२४मध्ये तर तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ३२ आठवड्यांपूर्वी लिंग सांगू नये ही बंदीच रद्द केली. मुलग्याचा हट्ट ओसरला, आता तिची गरज उरली नाही, असे कारण दिले. डॉक्टरांवरची जरब हा त्यातला एक भाग होता. मुली शिकल्या, कमावत्या झाल्या, वारसाहक्काचे कायदे बदलले, आईबापांनी म्हातारपणाचा भार मुलग्यावर टाकणे सोडले, हा दुसरा आणि मोठा भाग. तरी मधली वीस वर्षे तग धरायला पेशातली शिस्त लागलीच. समाज सुधारेपर्यंत डॉक्टरने थांबायचे नसते.

आपल्याकडे ही घट आता तरुण झाली आहे. १९९४ ते २००१मध्ये जन्मलेले मुलगे पंचविशी-तिशीत आहेत. २०११मध्ये साताऱ्यात ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशी नावे असलेल्या २८५ मुलींचे जाहीर समारंभात पुन्हा बारसे झाले. त्या जन्मल्या तरी होत्या. डिसेंबर २०२२मध्ये सोलापुरात लग्न न जमणाऱ्या तरुणांनी नवरदेवाचा पोशाख करून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला आणि गर्भलिंगनिदानविरोधी कायदा कडकपणे राबवा, अशी मागणी केली. वृत्तपत्रांनी तो मोर्चा गमतीने छापला. मला त्यात गंमत दिसली नाही.

अलीकडचे जनगणनेचे आकडे आपल्याजवळ नाहीत, कारण २०२१ची जनगणना झालीच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१च्या सुमारास, महाराष्ट्रात जन्मावेळचे प्रमाण ९१३ निघाले. चौथ्या फेरीत ते ९२४ होते. सर्वेक्षणाचा नमुना जनगणनेएवढा मोठा नसतो, म्हणून अकराच्या फरकावर मी फार जोर देणार नाही. पण सुधारलो, असे म्हणायला त्यात आधार नाही.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेची आहे. तिच्यात शून्य ते सहा वयात मोजली जाणारी मुले मार्च २०२० ते फेब्रुवारी २०२७ या काळात जन्मलेली असतील. त्यातली बहुतेक जन्मून चुकली आहेत, नेसरीच्या अंगणवाडीत काही बसूही लागली आहेत. कोणत्या खोलीत कोण काय बोलले, कोण बोलले नाही, कोणाला ठाऊक असून कोण गप्प राहिले, ते होऊन गेले. प्रगणक दारात येईल तो घरात मुले किती, मुलगे किती आणि मुली किती, एवढेच विचारून पुढच्या घराकडे वळेल.